पाच खिडक्या आणि चार न उगवलेल्या ओळी

ऑफिसात वापरलेली टाचणी कुणी फेकत नाही. कागदातून काढली की डबीत टाकायची. लागेल कधीतरी, म्हणून. ती लागत नाही, पण डबी भरत जाते. किस्स्यांचंही तसंच आहे. निवृत्त झालो त्या दिवशी टाचण्यांच्या तीन डब्या मी सरकारजमा केल्या. किस्से तेवढे घरी आणले, कारण त्यांची नोंद कुठल्याच रजिस्टरला नव्हती!

संध्याकाळी अमरावतीला आम्ही चार-पाच रिटायर्ड मंडळी बसतो. कुणीतरी म्हणतंच, "गावंडेबाबू, तो खिडक्यांचा सांगा." आता तो काही एक किस्सा नाही. डबीत हात घातला की एका टाचणीला दुसरी अडकून येते, तसं ते प्रकरण आहे.

तेव्हा मी बडनेऱ्याहून अकोल्याला रोज रेल्वेने अप-डाऊन करत होतो. वऱ्हाडाचे दिवस वाईट चालले होते. पेपरात रोज आमचं नाव असायचं, आणि ते वाचून बाहेरगावचे लोक आमचा अभ्यास करायला यायचे. त्या वर्षांत आमच्याकडे दोनच पिकं जोमात होती: गाजरगवत आणि अभ्यासगट!

आमचा होता बियाणे तक्रार कक्ष. दोन जिल्ह्यांना मिळून एक. दोन खोल्या, एक साहेब, एक मी आणि अचलपूरचे रशीदभाई शिपाई. बियाणं उगवलं नाही की शेतकऱ्याने तक्रार द्यायची, कमिटीने शेत पाहायचं, निकाल आम्ही नोंदवायचा. एवढंच काम. पण त्यात तालुका ऑफिस आलं, प्रयोगशाळा आली, दुकानदार आला, कंपनी आली, आणि प्रत्येकाचं म्हणणं वेगळं. तेव्हा वरून हुकूम आला, या सगळ्याचं सॉफ्टवेअर करा.

आराखडा करायला दोन पार्ट्या बोलावल्या. एक पुण्याची कंपनी, दुसरं अमरावतीचं एक कॉलेज. दोघांचं एका गोष्टीवर एकमत होतं. एवढ्या गुंतागुंतीच्या कामाकडे एकाच बाजूने बघायचं नाही, अनेक दृष्टिकोनांतून बघायचं, प्रत्येकाचं वेगळं चित्र काढायचं आणि मग ती चित्रं जुळवायची. जुळवायची पद्धत मात्र दोघांची निराळी. कुठली बरी, याची तुलना व्हायची होती. इंजिनिअर दोन्ही बाजूंना गुंतलेले, म्हणून तुलना करायला कारकून नेमला, म्हणजे मला!

* * *

पुण्याहून अनिरुद्ध नावाचा तरुण इंजिनिअर आला. हुशार आणि नम्र. शर्टाला मात्र पहिल्या दिवशी इस्त्री होती, ती तिसऱ्या दिवशी अकोल्याच्या उन्हाने काढून घेतली.

त्याने भिंतीवर पाच खिडक्या काढल्या. पहिलीत कार्यालयाचा उद्देश, दुसरीत माहिती, तिसरीत काम कसं चालतं ते, चौथीत यंत्रं एकमेकांशी कशी जोडायची, पाचवीत कुठली यंत्रं घ्यायची. जगात कुठलीही सिस्टीम असो, खिडक्या पाचच. साहेबांना हे फार आवडलं. पाचच्या पुढे मोजावं लागत नाही, ही गोष्ट सरकारात आवडतेच.

"सोपं उदाहरण देतो," अनिरुद्ध म्हणाला. "एक हत्ती आहे आणि पाच आंधळे आहेत..."

साहेबांनी मान डोलावली. मीही डोलावली. एवढ्यात चहाचा ट्रे घेऊन उभे असलेले रशीदभाई म्हणाले, "सर, एक बात पूछू? आमच्या इकडं सेमाडोहच्या जंगलात हत्ती हायेत. म्या पायले."

"बरं, मग?"

"पाची जनायनं आपापलं सांगतलं. हत्तीले कोनी इचारलं का?"

अनिरुद्ध हसला. "रशीदभाई, इथे हत्ती म्हणजे सिस्टीम. तिला काय विचारायचं?"

"असंन सर. पन कोन कुठी दाबून राह्यलं, ते त्यालेच मालूम!"

* * *

त्याच खरिपात पाच खिडक्यांची ट्रायल सुरू झाली. आणि पहिला अडथळा निघाला तो रकान्याच्या रुंदीचा.

आम्ही वर्षानुवर्षं एक वाक्य लिहीत आलो होतो: 'पाहणीअंती तक्रारीत तथ्य आढळून आले नाही.' वाक्य लांब आहे, पण सभ्य आहे. आम्हाला सापडलं नाही, एवढंच ते म्हणतं. तुम्ही लबाड आहात असं म्हणत नाही. पण हे वाक्य कॉम्प्युटरच्या रकान्यात मावेना.

"काका, छोटा शब्द सांगा ना," अनिरुद्ध म्हणाला.

मी विचार करत होतो, तेवढ्यात साहेब आतून ओरडले, "खोटी लिहा!"

झालं. निकालाला दोन बटणं आली, 'मान्य' आणि 'खोटी'. पिढ्यान्‌पिढ्या कारकुनांनी सांभाळलेली सभ्यता चार मिनिटांत निकालात निघाली!

* * *

श्रावणात कांताबाई खंडारे आल्या. गाव दर्यापूरकडचं. स्वतःचं पाच एकर काळं रान, शिवाय गावातल्या पंचवीस बायांची टोळी घेऊन त्या सरकी डोबायला जात. म्हणजे बोटाने मातीत एकेक बी टाकत जायचं. त्यांनी ग्रामपंचायतीच्या बोर्डावरून काढून आणलेला आमचाच कागद माझ्यासमोर ठेवला. नाव, गाव, गट नंबर, आणि पुढे 'निकाल: खोटी'.

"बाबूजी, हे तुमी लिवलं काय?"

"कॉम्प्युटरने लिहिलं, बाई."

"मंग त्याले भायेर बलवा!"

मी त्यांना बसवलं. पाणी दिलं. त्या म्हणाल्या, "सरकी आठव्या दिशी उगवाले पाह्यजे. नाई उगवली. म्या नवव्या दिशी तक्रार देली. तुमची कमिटी आली सव्वीसाव्या दिशी! तवरक रान काय तुमची वाट पाहीन? पाऊस होता, मी दुसरी थैली आनून दुबार डोबलं. ते उगवलं. कमिटी बांधावर आली, हिरवं पायलं, आन् लिवलं का उगवण चांगली हाये!"

"मग त्यांना सांगितलं नाही का?"

"सांगतलं ना बाप्पा! त्यायच्या फारमात दुबारचा रकानाच नोयता. म्हने, बाई, आमाले दिसते तेच लिवा लागते."

मी म्हणालो, "नुकसानीचा अर्ज वेगळा असतो..."

"नुसकान मांगाले नाई आली मी." त्यांनी बोट 'खोटी'वर ठेवलं. "हे काढा. पंचवीस बाया माह्या शब्दावर घरातून निंगतात. कोनती थैली घ्यावी, मले इचारतात. हे बोर्डावर वाचल्यावर उद्या कोन इचारीन मले?"

मी तीस वर्षं कागद वाचले. पण एका शब्दाखाली एवढं माणूस दबलेलं मला तोवर दिसलं नव्हतं.

* * *

आता साहेबांविषयी. माणूस वाईट नव्हता. फक्त त्यांना निर्णयाची ॲलर्जी होती. त्या काळी लोडशेडिंग एवढं, की कुणी काही मागायला आलं की साहेब म्हणायचे, "लाईट गेली. कॉम्प्युटर बंद आहे. उद्या या." बहुतेक वेळा लाईट खरंच गेलेली असायची; कॉम्प्युटर तेवढा इन्वर्टरवर चालतो, हे ते सांगत नसत.

कांताबाई दोन गाड्या बदलून तीनदा आल्या. तिन्ही वेळा लाईट नव्हती. चौथ्यांदा आल्या तेव्हा साहेब फाइलमध्ये डोकं घालून बसले होते. बाई दारात दिसताच त्यांच्या तोंडून सवयीने निघालं, "लाईट गेली हो. उद्या या."

कांताबाईंनी वर पाहिलं.

"मंग सायेब, हा पंखा काय माह्या नशिबानं फिरून राह्यला?"

* * *

त्याच आठवड्यात कॉलेजच्या मेश्राम मॅडम आल्या. त्यांची पद्धत उलटी. खिडक्या आधी ठरवायच्याच नाहीत. ज्याचा ज्याचा या कामाशी संबंध, त्याला विचारायचं, त्याच्या नावाचा एक कागद करायचा. कॉम्प्युटरला जो हात लावतो त्याचाही, आणि जो कधीच लावणार नाही त्याचाही.

त्यांनी पहिला प्रश्न रशीदभाईंना विचारला. तीस वर्षांत ऑफिसात कुणी त्यांना चहाव्यतिरिक्त काही विचारलं नव्हतं! रशीदभाईंनी खिशातून लोडशेडिंगचं वेळापत्रक काढलं. "मॅडम, लाईट कवा जाते, कवा येते, सब इसमें है. इन्वर्टरमंदी पानी मी टाकतो. मी पंधरा दिवस सुट्टीवर गेलो, का या पाची खिडक्या बंद!"

मॅडमनी मोठ्या अक्षरात कागदावर लिहिलं: 'रशीदभाईंची बाजू'. अनिरुद्धच्या चौथ्या खिडकीत सर्व्हर होता, तारा होत्या, मशीन होत्या, फक्त वीज जाते हे नव्हतं.

आणि दोघांची बाजू जुळली नाही की मॅडम ती जबरदस्तीने जुळवत नसत. मतभेदाला नंबर द्यायच्या आणि तसाच ठेवायच्या. कमिटी म्हणते उगवलं, कांताबाई म्हणतात नाही उगवलं. मतभेद क्रमांक चार.

साहेब वैतागले. "मॅडम, आता भांडणं सॉफ्टवेअरमध्ये घालायची का?"

"भांडण शेतात आहेच, सर. आपण लिहिलं नाही म्हणून ते तिथून उठून जाणार आहे का?"

तुलना निष्पक्ष हवी, म्हणून मॅडमच्या पद्धतीचाही दोष सांगतो. ती थांबत नाही. कागद भिंतीवरून व्हरांड्यात गेले, व्हरांड्यातून जिन्यावर. शेवटी चहावाल्यानेही आपली बाजू लिहून दिली. त्याचं म्हणणं, मीटिंगा वाढवा!

* * *

अनिरुद्ध मुळात सरळ मुलगा. एक दिवस म्हणाला, "काका, मला ते शेत बघायचंय." तो, मॅडम आणि मी दर्यापूरला गेलो, तिथून काळीपिवळी जीपमध्ये कोंबून गावात. आदल्या दिवशी पाऊस झालेला. आमची काळी माती ओली झाली की पाहुण्याला सहजी सोडत नाही. दहा पावलांत अनिरुद्धचा एक बूट जागेवरच राहिला आणि तो पुढे गेला.

"राहू दे पोरा," कांताबाई म्हणाल्या. "ते बी आठ दिसानं उगवते का पाहू!"

शेत हिरवंगार होतं. कमिटीने लिहिलं ते डोळ्यांना खरंच होतं. मग कांताबाई आम्हाला पार आतल्या कोपऱ्यात घेऊन गेल्या. तिथे चार ओळी बोडक्या होत्या. दुबार डोबताना त्यांनी त्या मोडू दिल्या नव्हत्या. शेजारी एक खुंटी ठोकून तिला त्याच पहिल्या थैलीचं लेबल सुतळीने बांधून ठेवलेलं.

"आमी बाया असंच करतो," त्या म्हणाल्या. "बी दगा देईन तं चार ओयी ठिवायच्या. पुढच्या साली दुकानदाराले दाखवाले. ती कमिटी बांधावरूनच गेली, इथवर आलीच नाई. घाल बोट."

अनिरुद्धने मातीत बोट घातलं आणि सरकी बाहेर काढली. काळी पडलेली, हाताला लागताच फुटली. दुसरी काढली. तिसरी. चौथीला तो थांबला.

परत येताना अनिरुद्ध म्हणाला, "काका, पाच खिडक्यांत ही बाजू बसत नाही असं नाही. बसते. पण खिडकी कुठे उघडायची ते आम्ही ऑफिसात बसून ठरवलं."

मॅडम म्हणाल्या, "आणि मी जिन्यापर्यंत कागद लावले, पण शेतात आज आले."

माझा तुलनात्मक अहवाल खरं तर तिथेच काळीपिवळीत पूर्ण झाला होता.

* * *

साहेबांनी मात्र निष्कर्ष आधीच देऊन ठेवला होता. "गावंडे, दोन पानांत आटपा. पाच खिडक्या पसंत. मतभेद नाहीत."

मी तक्ता केला. सोय कशात, खर्च कशाला, वेळ किती, सगळे रकाने भरले. पाच खिडक्यांची पद्धत नेटकी, लवकर संपणारी, हे प्रामाणिकपणे लिहिलं. आणि शेवटी फाइलीच्या हिरव्या टिपणी कागदावर लिहिलं: 'पहिल्या पद्धतीत मतभेद दिसत नाहीत, कारण ते विचारलेले नाहीत. उदाहरणार्थ, श्रीमती कांताबाई खंडारे यांच्या शेतात मूळ बियाण्याच्या चार ओळी आजही न उगवलेल्या असून त्या दोन्ही इंजिनिअरांनी व मी समक्ष पाहिल्या आहेत. सबब "खोटी" हा निकाल चुकीचा आहे. आदेशार्थ सादर.'

साहेब लाल झाले. "ही टिपणी काढा!"

"साहेब, पानावर सतरा नंबर पडलाय आणि मागे तक्ता अठराला लागलाय. काढली तर सोळानंतर अठरा येईल. सतरा कुठे गेलं, हे कोण सांगणार?"

"तुम्हाला रिटायर व्हायला किती दिवस उरलेत?"

"त्याचाही तक्ता करून देऊ का?"

इंजिनिअर लोक या मॅडमच्या पद्धतीला नवीन म्हणत होते. मला हसू यायचं. प्रत्येक टेबलाने आपलं म्हणणं सहीनिशी लिहायचं, खालच्याचं वरच्याने खोडायचं नाही, पटलं नाही तर आपलं वेगळं लिहायचं. ही आमची टिपणीच तर होती! फक्त तिचा असा उपयोग करायची आमची कधी छाती झाली नव्हती.

साहेबांनी रात्रभर विचार करून सकाळी सतराव्या पानाखाली दोन शब्द लिहिले: 'चर्चा करावी.' ज्यांनी नोकरी केली नाही त्यांना सांगतो, याचा अर्थ चर्चा करू नये असा असतो. असे दोन शब्द पडले की फाइल कपाटात जाते आणि आपल्यासोबत म्हातारी होते.

पण लिहिलं होतं 'चर्चा करावी'. मी हुकमाचा ताबेदार. वरच्या साहेबांना सॉफ्टवेअर दाखवायचा डेमो ठरलाच होता. मी लगेच चर्चेची नोटीस काढली. संबंधितांनी डेमोच्या दिवशी अकरा वाजता हजर राहावे. संबंधित म्हणजे कोण? कांताबाई खंडारे!

* * *

डेमोच्या दिवशी मुंबईहून बडे साहेब आले होते. खुर्च्यांना टॉवेल, टेबलावर गुलदस्ता. अनिरुद्ध कॉम्प्युटरवर, मॅडम बाजूला. बरोबर अकरा वाजता नोटीस हातात धरून कांताबाई आत आल्या आणि समोरच्या टॉवेलवाल्या खुर्चीत बसल्या. कुणी काही बोलायच्या आत बड्या साहेबांनी नोटीस वाचून घेतली होती. मग काय करणार!

"काय म्हणणं आहे तुमचं, बाई?"

"माह्या नावापुढचं 'खोटी' काढा."

आमचे साहेब घाईने म्हणाले, "सर, निकाल लागलेली तक्रार सिस्टीममध्ये परत उघडत नाही. तशी सोयच नाही."

कांताबाईंनी अनिरुद्धकडे पाहिलं. त्याने खाली मान घालून सांगितलं, "खरं आहे. उघडत नाही."

"नका उघडू," कांताबाई म्हणाल्या. "नवी तक्रार लिवता येते ना? लिव पोरा."

अनिरुद्धने नवा फॉर्म उघडला. पडद्यावर सगळ्यांना दिसत होतं. तक्रारदाराचं नाव भरलं. गाव भरलं.

"तक्रार कशाविरुद्ध?"

कांताबाईंनी कॉम्प्युटरकडे बोट दाखवलं. "ह्याच्या."

अनिरुद्धने बड्या साहेबांकडे पाहिलं. ते म्हणाले, "लिहा. फॉर्म घेतो का ते बघू." फॉर्मने घेतलं!

"लेबलवरचा नंबर लागतो," अनिरुद्ध पुटपुटला. "त्याशिवाय पुढे जात नाही."

रशीदभाईंनी चहाचा ट्रे खाली ठेवला, मॉनिटरची मान फिरवली, पाठीवरचं स्टिकर मोठ्याने वाचलं आणि मान परत सरळ केली. नंबर भरला गेला.

"तक्रारीचं स्वरूप?"

"लिव. म्या खरं सांगतलं. ह्यानं मले खोटी म्हटलं."

"पाहणी?"

मेश्राम मॅडमनी पिशवीतून शेतातून आणलेली पुडी काढून टेबलावर सोडली. गुलदस्त्याशेजारी काळी सरकी आणि मातीने माखलेलं थैलीचं लेबल. "झालेली आहे. तीन साक्षीदार. पान सतरा."

पडदा एकदा लुकलुकला आणि शेवटच्या रकान्यावर येऊन थांबला. निकाल. खाली दोन बटणं, 'मान्य' आणि 'खोटी'. तिथे फक्त कक्षप्रमुखाचा पासवर्ड चालत होता. साहेबांनी तो टाकला, कारण बडे साहेब बघत होते. मग त्यांनी माउसवर हात ठेवला आणि तो तिथेच राहिला.

"दाबा ना सायेब," कांताबाई म्हणाल्या. "दोनच तं हायेत."

साहेबांनी घड्याळ पाहिलं. मग सावकाश मान वर करून ट्यूबलाईटकडे पाहिलं.

"आरामसे, साहेब," दारातून रशीदभाई म्हणाले. "लाईट गेली तरी काही होत नाही. इन्वर्टर फुल करके रखा है."